जर्नल खरं की बनावट? पेपर पाठवण्याआधीची तपासणी

‘ग्रीटिंग्ज ऑफ द डे’ अशी सुरुवात, मग ‘रिस्पेक्टेड प्रोफेसर’ (मेल ज्याला आलाय त्याचा पीएच.डी.चा कोर्सवर्कही अजून संपलेला नसला तरी), आणि खाली आश्वासन: पेपर (शोधनिबंध) पाठवा, आमच्या जर्नलमध्ये (संशोधनपत्रिकेत) तीन दिवसांत छापून देतो, फी हजार-दोन हजार, प्रत्येक सहलेखकाला वेगळं प्रमाणपत्र. संशोधन करणाऱ्या बहुतेकांना असे मेल येतात. त्यांना बळी पडणारे सगळेच भोळे नसतात. कुणाला प्रबंध जमा करायची मुदत गाठायची असते, कुणाची प्रमोशनची फाइल अडलेली असते, आणि विभागातल्या दोघा-तिघांनी तिथंच छापून घेतलेलं असतं. पुढे मुलाखतीत किंवा छाननी समितीसमोर तोच पेपर बाजूला काढला जातो. पैसे तर गेलेलेच असतात, पण त्याहून मोठं नुकसान म्हणजे त्यात घातलेला खरा अभ्यासही अडकतो, कारण एकदा छापलेला मजकूर दुसऱ्या चांगल्या जर्नलला नव्याने देता येत नाही.

काही वर्षांपूर्वीपर्यंत ‘जर्नल चांगलं की वाईट’ या प्रश्नावर सगळ्यांचं एकच उत्तर होतं: यादीत आहे का बघा. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नलांची यादी काढली. तीस हजारांहून जास्त नावं, आणि त्यातली काही विद्यापीठांनीच सुचवलेली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातले प्रा. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी ही विद्यापीठांनी सुचवलेली नावं तपासली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष छापला: त्या गटातली ८८ टक्क्यांहून जास्त जर्नलं निकृष्ट असण्याची शक्यता होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावं यादीतून काढून टाकली. मग २०१९ पासून ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी आली, तिचं कामही पुण्यातूनच चालायचं. ती फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली. आता आयोगाने काही सूचक निकष दिले आहेत आणि पारख करायची जबाबदारी संस्थांवर, म्हणजे प्रत्यक्षात गाइड आणि विद्यार्थ्यावर, टाकली आहे.

यादी गेल्याचं फार वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही. यादी होती तेव्हाही तिच्यातल्या जर्नलांची हुबेहूब नकली संकेतस्थळं निघत होतीच. त्याबद्दल पुढे येईलच.

सगळा भार समीक्षेवर

जर्नलला किंमत येते ती एकाच गोष्टीने. तुमच्या विषयातली, तुम्हाला न ओळखणारी दोन-तीन माणसं तुमचा पेपर बारकाईने वाचतात आणि त्यातल्या चुका दाखवतात. यालाच समीक्षा किंवा पिअर रिव्ह्यू म्हणतात. बाकी कागद, मुखपृष्ठ, क्रमांक, शिक्के हा सगळा सरंजाम.

प्रत्यक्षात ती कशी चालते? पेपर आल्यावर संपादक तो स्वतः चाळतो. विषय जर्नलच्या कक्षेत बसतो का, मांडणी निदान वाचण्याजोगी आहे का, मजकूर उचललेला तर नाही ना, एवढं पाहून तो काही पेपर तिथूनच परत करतो. याला डेस्क रिजेक्शन म्हणतात आणि चांगल्या जर्नलांत त्याचं प्रमाण बरंच असतं. दोन आठवड्यांत नकार आला म्हणून हिरमुसून जायचं कारण नाही. उलट वेळ वाचला. जे पेपर पुढे जातात ते समीक्षकांकडे पाठवले जातात. समीक्षकाला लेखकाचं नाव दिसतं पण लेखकाला समीक्षकाचं दिसत नाही, ही एक पद्धत. दोघांनाही एकमेकांची नावं दिसत नाहीत, ही दुसरी, आणि सामाजिक शास्त्रांत व मानव्यविद्यांत हीच जास्त चालते. या दुसऱ्या पद्धतीच्या जर्नलला पेपर देताना फाइलच्या आतली माहितीही पुसावी लागते. वर्डच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये तुमचं नाव राहिलं, किंवा ‘माझ्या आधीच्या अभ्यासात’ असं लिहून तुम्ही स्वतःचाच संदर्भ दिलात, की गुप्तता संपली.

मत यायला दोन ते सहा महिने सहज लागतात, कधी जास्तही. समीक्षकांना या कामाचे पैसे सहसा मिळत नाहीत, आणि शिकवणं-परीक्षा सांभाळून ते हे करतात. म्हणूनच ‘तीन दिवसांत समीक्षा’ हे वाक्य वाचल्यावर पुढचं वाचायची गरज नसते.

खऱ्या समीक्षेचा मजकूर कसा असतो, याचा एक कल्पित नमुना घेऊ. समजा बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगारांच्या मुलांच्या शाळागळतीवर कुणी पेपर लिहिला आहे. लेखकाने साठ कुटुंबांच्या मुलाखती घेतल्या आणि निष्कर्ष काढला की स्थलांतरामुळे मुलं शाळा सोडतात. समीक्षक लिहील: “ही साठ कुटुंबं कशी निवडली? मुकादमामार्फत गाठली असतील तर एकाच टोळीतली माणसं जास्त येतात. जी कुटुंबं त्याच गावात राहतात पण तोडणीला जात नाहीत, त्यांच्या मुलांचं काय झालं, हे दिलेलं नाही. ती तुलना नसताना गळतीचं कारण स्थलांतरच आहे, असं म्हणता येणार नाही. तक्ता दोनमधली बेरीज अट्ठावन्न येते, साठ नाही.” याला म्हणतात समीक्षा. ती टोचते, पण लेखकाला नेमकं काय दुरुस्त करायचं ते सांगते. बनावट जर्नलचं मत असं असतं: “पेपर छान आहे. भाषा थोडी सुधारा. स्वीकृत.”

अशा मतावर लेखकाने मुद्द्यागणिक उत्तर द्यायचं असतं: समीक्षकाचं वाक्य जसंच्या तसं वर, खाली आपण काय बदललं, कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत. वरच्या उदाहरणात लेखकाकडे तोडणीला न जाणाऱ्या कुटुंबांची माहिती नसेल, तर ‘कारण’ हा शब्द काढून ‘संबंध’ असं लिहायचं आणि ही मर्यादा पेपरातच स्पष्ट नोंदवायची. समीक्षकाशी असहमत असलात तरी चालतं. मात्र का, ते पुराव्यासह सांगावं लागतं. ‘धन्यवाद, सुधारणा केली आहे’ एवढ्यावर भागवलेली उत्तरं संपादक परत पाठवतात.

समीक्षा नसली की काय होतं, हे पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकासाठी करून दाखवलं. दगडफुलातून (लायकेनमधून) काढलेलं एक रसायन कर्करोगाच्या पेशी रोखतं, असा पूर्णपणे रचलेला पेपर त्यांनी ३०४ मुक्त-प्रवेश (वाचकाला फुकट वाचता येणाऱ्या) जर्नलांना पाठवला. चुका मुद्दाम ठेवल्या होत्या. औषध अल्कोहोल असलेल्या द्रावणात मिसळलेलं होतं, पण तुलनेसाठी ठेवलेल्या पेशींना ते अल्कोहोल दिलेलंच नव्हतं. म्हणजे पेशी औषधाने मेल्या की अल्कोहोलने, हे कळायला मार्गच नाही. बारावीचं विज्ञान नीट झालेल्या माणसालाही हे दिसावं. तरी १५७ जर्नलांनी पेपर स्वीकारला.

पाटीवरचे क्रमांक

आता त्या सरंजामाकडे. बनावट जर्नलाच्या पहिल्या पानावर सगळ्यात ठळक असतो आयएसएसएन. हा आठ अंकी क्रमांक म्हणजे नियतकालिकाची ओळख, बस्स. तो कुणालाही अर्ज करून मिळतो. भारतात तो दिल्लीतल्या राष्ट्रीय केंद्राकडून मिळतो. क्रमांक देताना कुणी समीक्षा तपासत नाही, दर्जा पाहत नाही. त्यामुळे ‘आयएसएसएन मान्यताप्राप्त’ असं काही नसतंच.

पण क्रमांकच खोटा असेल तर तो दोन मिनिटांत पकडता येतो, कारण शेवटचा अंक हा आधीच्या सात अंकांवरून काढलेला असतो. मुंबईहून निघणाऱ्या ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’चा छापील आवृत्तीचा क्रमांक घेऊ: ००१२-९९७६. पहिल्या सात अंकांना डावीकडून अनुक्रमे ८, ७, ६, ५, ४, ३, २ ने गुणायचं. पहिले दोन शून्य, त्यांचे शून्यच. १ गुणिले ६ म्हणजे ६, २ गुणिले ५ म्हणजे १०, ९ गुणिले ४ म्हणजे ३६, ९ गुणिले ३ म्हणजे २७, ७ गुणिले २ म्हणजे १४. बेरीज ९३. तिला ११ ने भागलं की बाकी ५. अकरातून पाच वजा केले, उरले ६. शेवटचा अंक ६ आहे, जुळलं. बाकी शून्य आली तर शेवटचा अंक शून्य असतो, आणि उत्तर दहा आलं तर तिथं ‘एक्स’ हे अक्षर असतं. हे गणित जुळलं नाही तर क्रमांक बनवलेला आहे, पुढे बघायचं काम नाही.

जुळला तरी तो दुसऱ्याच नियतकालिकाचा असू शकतो. म्हणून आयएसएसएन पोर्टलवर तो क्रमांक टाकून नाव, प्रकाशक, देश आणि माध्यम पाहायचं. माध्यम महत्त्वाचं. छापील आणि ऑनलाइन आवृत्तीला वेगवेगळे क्रमांक असतात; याच साप्ताहिकाच्या ऑनलाइन आवृत्तीचा क्रमांक २३४९-८८४६ आहे. संकेतस्थळावर दणक्यात चाललेल्या जर्नलाने फक्त छापील आवृत्तीचा क्रमांक लावलेला असेल, तर तिथं थांबून विचारपूस करावी.

दुसरा शिक्का डीओआय. हा पेपरचा कायमचा पत्ता: १० ने सुरुवात, मग प्रकाशकाचा उपसर्ग, तिरकी रेघ, आणि पुढे पेपरची खूण. जर्नलाच्या जुन्या अंकातले चार-पाच डीओआय घेऊन डीओआय डॉट ऑर्गवर टाकून बघा. ‘सापडला नाही’ असं आलं, तर ते आकडे नुसते शोभेचे आहेत. सापडले तरी उपसर्ग वाचा. १०.५२८१ ने सुरू होणारा डीओआय हा झेनोडोचा असतो. झेनोडो ही ‘सर्न’ या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेने चालवलेली, कुणालाही फुकट फाइल ठेवता येईल अशी जागा आहे, चांगली सोय, पण तिथं ठेवलेल्या फाइलची समीक्षा होत नाही. स्वतःला आंतरराष्ट्रीय म्हणवणारं जर्नल प्रत्येक पेपरला झेनोडोचा डीओआय लावत असेल, तर त्याने स्वतःची नोंदणी करण्याचा खर्चही केलेला नाही, एवढं समजतं.

तिसरा, आणि सगळ्यात गाजलेला, इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलातल्या पेपरांचा सरासरी किती वेळा संदर्भ दिला गेला तो आकडा. आज तो ‘क्लॅरिव्हेट’ ही कंपनी काढते. पूर्वी हे काम थॉमसन रॉयटर्सकडे होतं. प्राध्यापकांच्या नेमणूक-बढतीसाठीच्या आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा असं म्हटलं आहे, तो याच अर्थाने. हिशेब साधा आहे. एखाद्या जर्नलाने २०२२ मध्ये ६० आणि २०२३ मध्ये ४० पेपर छापले, आणि २०२४ मध्ये त्या शंभर पेपरांचे मिळून १५० वेळा संदर्भ दिले गेले, तर २०२४ चा इम्पॅक्ट फॅक्टर १.५. यातून दोन गोष्टी आपोआप कळतात. जे जर्नल सुरू होऊन वर्षही झालेलं नाही, त्याला इम्पॅक्ट फॅक्टर असूच शकत नाही, कारण मागची दोन वर्षंच नाहीत. आणि २०२३ पासून क्लॅरिव्हेट हा आकडा दशांशाच्या एकाच स्थळापर्यंत देते. त्यानंतरच्या वर्षासाठी कुणी ‘७.३४८’ असा तीन स्थळांचा आकडा मिरवत असेल, तर तो दुसरीकडून आणलेला आहे. ‘ग्लोबल’, ‘युनिव्हर्सल’, ‘सायंटिफिक’ असं एखादं भारदस्त विशेषण इम्पॅक्ट फॅक्टरच्या आधी लागलं की बहुतेक वेळा तो पैसे भरून घेतलेला आकडा असतो.

चौथं, ‘इंडेक्स्ड इन’ (म्हणजे ‘या सूच्यांत नोंद आहे’) या मथळ्याखाली लावलेली चिन्हांची माळ. गूगल स्कॉलर, रिसर्चगेट, अकॅडेमिया, कधीकधी लिंक्डइनसुद्धा! गूगल स्कॉलर हे शोधयंत्र आहे. ते संकेतस्थळांवर फिरून जे सापडेल ते गोळा करतं, निवड करत नाही. निवड करणाऱ्या सूच्या वेगळ्या: स्कोपस, वेब ऑफ सायन्स, आणि मुक्त-प्रवेश जर्नलांसाठी डीओएजे. यांच्या याद्या फुकट पाहता येतात, वर्गणी लागत नाही. स्कोपसमध्ये शोधताना नावाऐवजी आयएसएसएन टाका, कारण एकसारख्या नावांची जर्नलं पुष्कळ आहेत. आणि नाव सापडल्यावर ‘कव्हरेज’ची वर्षं पाहा. ‘२०१६ ते २०२१’ असं लिहिलं असेल, तर स्कोपसने २०२१ नंतरचं काही घेतलेलं नाही. जर्नल मात्र ‘स्कोपस इंडेक्स्ड’ ही पाटी अजून काढत नाही. या एका ठिकाणी अनुभवी प्राध्यापकही चकतात.

नकली जुळं भावंड

वरच्या सगळ्या चाचण्या पार करूनही फसवणूक होते ती इथं. खऱ्या, जुन्या, नामांकित जर्नलाचं नाव, आयएसएसएन, संपादकांची नावं, सगळं जसंच्या तसं उचलायचं, त्या नावाचं नवं संकेतस्थळ काढायचं आणि पेपर मागवायचे. पेपर पाठवणारा यादीत शोधतो, नाव सापडतं, क्रमांक जुळतो, तो निर्धास्त होतो. पैसे मात्र तिसऱ्याच माणसाच्या खात्यात जातात. केअर यादी चालू असताना अशा क्लोन केलेल्या जर्नलांची वेगळी यादी तिथंच द्यावी लागत होती.

यात सोपं सावज म्हणजे फक्त छापील निघणारी नियतकालिकं. भारतीय भाषांतली कितीतरी संशोधनपत्रं एखादी संस्था किंवा मंडळ निष्ठेने चालवतं. वर्षाला दोन-चार अंक, पोस्टाने वर्गणीदारांना. संकेतस्थळ नाही. मग त्या नावाने कुणीही संकेतस्थळ उघडलं तर शोधणाऱ्याला तेच एकमेव दिसतं.

ओळखायचं कसं? संकेतस्थळाचा पत्ता जर्नलाच्या पानावरून न घेता सूचीच्या पानावरून घ्यायचा: स्कोपस, डीओएजे किंवा आयएसएसएन पोर्टलवर जो दुवा आहे त्यावरूनच आत शिरायचं. ‘हूइज’ या नोंदणी दाखवणाऱ्या सेवेवर डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचं नाव, कधी नोंदवलं ते पाहायचं, जर्नल १९७४ पासूनचं आणि डोमेन मागच्या वर्षीचं, असं दिसलं तर सावध व्हायचं. जुने अंक उघडून बघायचे. नकली संकेतस्थळावर बहुधा मागच्या दोन-तीन वर्षांचेच अंक असतात, त्याआधीची पानं रिकामी. आणि सगळ्यात भरवशाचा उपाय जुनाच: ग्रंथालयात जाऊन छापील अंक काढायचा, त्यातल्या पत्त्यावर किंवा दूरध्वनीवर विचारायचं. छापील अंकाची फाइल असलेलं ग्रंथालय गावात नसेल तर ग्रंथपालाला सांगा, ते दुसऱ्या विद्यापीठाकडून अनुक्रमणिकेची प्रत मागवू शकतात.

मागे घेतलेल्या पेपरांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘रिट्रॅक्शन वॉच’ या संकेतस्थळाने २०२२ पासून अशा बळकावलेल्या जर्नलांची एक यादी चालवली आहे. तीही चाळावी.

अंक उघडून बघा

क्रमांक तपासणं हे दहा मिनिटांचं काम. खरी पारख मात्र अंक वाचूनच होते, आणि नेमकं हेच कुणी करत नाही. मागचा एक अंक घ्या आणि अनुक्रमणिका वाचा. एकाच अंकात संत तुकाराम, काँक्रीटची ताकद, जीएसटी आणि सोयाबीनवरची कीड असे दीडशे पेपर असतील, तर त्या सगळ्यांना जाणकार समीक्षक कुठून मिळाले असतील? ‘मल्टिडिसिप्लिनरी’ हा शब्द खरा असू शकतो, पण तो असा वापरला जात नाही. मग तुमच्या विषयातला एक पेपर पूर्ण वाचा. पहिल्या पानावर ‘प्राप्त’, ‘सुधारित’, ‘स्वीकृत’ अशा तारखा आहेत का? त्यांत अंतर किती? तक्त्यांतल्या बेरजा जुळतात का? पेपरात नमुना कसा निवडला ते दिलं आहे का?

भाषेचे काही चमत्कारही दिसतात. दुसऱ्याचा मजकूर उचलून सॉफ्टवेअरने शब्द बदलले की ठरलेल्या संज्ञा मोडतात. फ्रान्समधले संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अशा तोडमोड केलेल्या संज्ञांचा शोध घ्यायला सुरुवात केली. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’च्या जागी त्यांना ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’ सापडलं. असं एखादं वाक्य दिसलं तर तो पेपर कुणीही, अगदी संपादकानेही, वाचलेला नाही.

संपादक मंडळातल्या दोघांना थेट मेल करून विचारायलाही हरकत नाही: ‘आपण या जर्नलाच्या मंडळावर आहात का?’ मात्र पत्ता त्यांच्या विद्यापीठाच्या पानावरून घ्या. आपलं नाव वापरलं गेलंय हे काहींना अशा मेलमुळेच पहिल्यांदा कळतं. हैदराबादच्या ‘ओमिक्स’ या जर्नलं काढणाऱ्या कंपनीवर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१६ मध्ये जो दावा लावला, त्यातही समीक्षा आणि संपादक मंडळाबद्दलची दिशाभूल आणि लपवलेली फी हेच मुद्दे होते, मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने पाच कोटी डॉलरहून जास्त रकमेचा निकाल दिला.

फी असणं हाच दोष मानू नका. मुक्त-प्रवेश जर्नल वाचकाकडून पैसे घेत नाही, म्हणून ते लेखकाकडून घेतं, आणि नावाजलेल्या जर्नलांत ही रक्कम हजार-दोन हजार डॉलरच्याही वर जाते. त्या तुलनेत दीड हजार रुपये म्हणजे किरकोळ, असं वाटून माणूस उलट निश्चिंत होतो. पाहायचं ते हे की फी कधी आणि कशी मागितली जाते. खरं जर्नल ती संकेतस्थळावर उघड लिहितं, आणि निर्णय देणारा संपादक व पैसे घेणारा विभाग वेगळे असतात. बनावट जर्नल स्वीकृतीच्या पत्रातच क्यूआर कोड जोडतं आणि खातं एखाद्या व्यक्तीच्या नावावर निघतं. वर्गणीवर चालणाऱ्या कित्येक चांगल्या जर्नलांत लेखकाला एक पैसाही लागत नाही, हे विद्यार्थ्यांना कुणी सांगतच नाही.

पेपर हवाच आहे का?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. आयोगाच्या २०१६ च्या नियमांत प्रबंध जमा करण्याआधी जर्नलमध्ये किमान एक पेपर आणि परिषदांत दोन सादरीकरणं अशी अट होती. नोव्हेंबर २०२२ च्या पीएच.डी. नियमावलीत ती सक्ती उरली नाही. विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली असेल तर ती वेगळी गोष्ट. ती परिपत्रकात लेखी पाहा, सीनिअरच्या तोंडून ऐकलेलं धरू नका. पुष्कळ विद्यार्थी आजही न उरलेल्या अटीसाठी पैसे भरताहेत.

प्राध्यापकांसाठी बढतीचा हिशेब वेगळा. २०१८ च्या नियमावलीत विज्ञान, अभियांत्रिकी अशा शाखांत एका पेपरला ८ गुण आणि भाषा, मानव्यविद्या, सामाजिक शास्त्रं, वाणिज्य इत्यादींत १०. दोन लेखक असतील तर प्रत्येकाला एकूण गुणांच्या ७० टक्के. दोनपेक्षा जास्त असतील तर मुख्य लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे भाषेच्या प्राध्यापकाचं पाच जणांच्या पेपरात चौथं नाव असेल, तर मिळतात तीन गुण. कामात वाटा नसताना नाव घालून घेणं नीतीला धरून नाहीच, पण हिशेबालाही फारसं परवडत नाही.

साम्याचा टक्का

पेपर किंवा प्रबंध तपासणाऱ्या सॉफ्टवेअरचा अहवाल हा आणखी एक गैरसमजांचा कारखाना. सॉफ्टवेअर वाङ्मयचौर्य मोजत नाही, साम्य मोजतं. आयोगाच्या २०१८ च्याच दुसऱ्या एका नियमावलीत प्रबंधासाठी चार पातळ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर शिक्षा नाही. दहाच्या वर ते चाळीस टक्के: सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून पुन्हा द्यायचं. चाळीसच्या वर ते साठ: वर्षभर सुधारित प्रबंध देता येत नाही. साठच्या वर: नोंदणी रद्द. श्रेय देऊन घेतलेले उतारे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, कायद्याची कलमं, प्रमाणित सूत्रं आणि सलग चौदा शब्दांपर्यंतचा सर्वसामान्य मजकूर हे सगळं मोजणीतून वगळायचं असतं. अहवाल काढताना हे पर्याय लावलेच नाहीत, तर कायद्याच्या विद्यार्थ्याचा स्वच्छ प्रबंधही पंचवीस टक्के दाखवू शकतो. उलट नऊ टक्क्यांत एक अख्खं प्रकरण चोरलेलं असू शकतं. आकड्याऐवजी रंगवलेले उतारे वाचावे लागतात.

मराठी प्रबंधांत वेगळीच अडचण. श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये ती रोमन अक्षरं आणि चिन्हं असतात. सॉफ्टवेअरला ते निरर्थक वाटतं आणि साम्य शून्य येतं. हा शून्याचा अहवाल कौतुकाने जोडला जातो. खरं तर तपासणी झालेलीच नसते. पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी अक्षरं उतरली तर ठीक, रोमन अक्षरं किंवा कसलंही भलतंच काही उतरलं तर आधी सगळं युनिकोडमध्ये बदलून घ्या, जोडाक्षरं आणि रफार नजरेखालून घाला, आणि मग अहवाल काढा. इंग्रजीतून मराठीत भाषांतर करून श्रेय न देता घातलेला मजकूर सॉफ्टवेअर सहसा पकडत नाही, म्हणून तो चोरीतून सुटत नाही. तोंडी परीक्षेला आलेले परीक्षक तेच इंग्रजी पुस्तक शिकवत असतात.

अडकलात तर

पेपर पाठवल्यावर शंका आली, तर पैसे भरू नका आणि कॉपीराइटच्या अर्जावर सही करू नका. ‘मी हा पेपर मागे घेत आहे’ एवढा एका ओळीचा मेल सगळ्या सहलेखकांना प्रत ठेवून पाठवा. पुष्कळदा उत्तरात ‘विथड्रॉवल फी’ मागतात, काही हजारांची, आणि वकिलाच्या नोटिशीची भाषा येते. काहीही सही केलेलं नसेल तर ती भरायचं कारण नाही. मेल, पावत्या, संकेतस्थळाचे स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवा आणि गाइडला त्याच दिवशी सांगा. लेखी माघारीला दाद मिळत नाही तोवर तोच पेपर दुसरीकडे पाठवायचा झाला, तर नव्या संपादकाला ही हकिकत आधीच कळवा. एकाच वेळी दोन ठिकाणी पेपर देणं हा स्वतंत्र गुन्हा मानला जातो.

पैसे ऑनलाइन गेले असतील आणि संकेतस्थळ नकली निघालं असेल, तर ती सरळ सायबर फसवणूक आहे. १९३० या क्रमांकावर जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

पेपर छापूनच झाला असेल तर तो पुसता येत नाही. पण त्यातली माहिती तुमची आहे, ती वाया जात नाही. नवे प्रश्न विचारून, तुलनेचा गट जोडून, आणखी एका हंगामाची नोंद घेऊन वेगळा पेपर लिहिता येतो. जुन्या पेपराचा त्यात उघड संदर्भ द्यायचा, आणि संपादकाला लिहायच्या पत्रात काय जुनं आणि काय नवं ते दोन वाक्यांत सांगायचं. बायोडेटात जुना पेपर ‘समीक्षित जर्नल’ या मथळ्याखाली न ठेवता ‘इतर प्रकाशनं’मध्ये हलवायचा.